आजाऱ्याचा चहा

सोव्हिएत देशाच्या दक्षिण टोकाला, गुरियाच्या डोंगरात चहा पिकवणाऱ्याने चहा प्यावा, अशी काही रीत नव्हती. चहा पिकवायचा तो रशियासाठी. आपण प्यायची ती अंगणातल्या द्राक्षांची वाईन. एखाद्या घरात चहाचं आधण चढलं, की शेजारी कुंपणावरून विचारत, "कोण आजारी आहे?"

डोमेंटीचा सगळा जन्म चहातोडणीच्या टोळीचा मुकादम म्हणून गेला. चहा मात्र तो दोनदाच प्यायला होता. एकदा गोवरात, एकदा न्यूमोनियात.

मग सोव्हिएत देश बुडाला आणि गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर बुडालं. तांबड्या मातीच्या उतारांवर नेचे माजले. कारखान्याची यंत्रं भंगार म्हणून तुर्कस्तानला गेली आणि पाठोपाठ गावच्या बायकाही गेल्या, तिथला चहा तोडायला. इथे उरला तो डोमेंटीच्या घरामागचा चहाचा एवढासा तुकडा. त्यातली झुडपं डोमेंटी दरवर्षी छाटायचा, एखाद्याची दाढी करावी तशी.

"उद्या ट्रॅक्टर येतोय," त्याचा मुलगा गोचा न्याहारीला म्हणाला. "झुडपं उपटून ब्लूबेरी लावतो. तिलाही हीच माती लागते, बाबा."

"असा चहा जगात नाही."

"तुला काय ठाऊक? तू पितोस कुठे?"

हे खरं असल्यामुळे डोमेंटीला फार लागलं. "लामारा," त्याने बायकोला हाक मारली, "आज चहा कर."

"कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही. तुझ्या लेकाला दाखवायचंय."

"तोंड वाकडं न करता पेला संपव," गोचा म्हणाला, "ट्रॅक्टर परत पाठवतो."

लामारा पदर खोचावा तसा ॲप्रन खोचून उतारावर गेली. दोन पानं, एक कळी. गुडघे थकले होते, बोटं नाही. डोमेंटी खालून बघत राहिला. एकेकाळी हा सगळा डोंगर बायकांच्या गाण्याने भरून जायचा आणि सगळ्यांत वरचा सूर लामाराचा असायचा. पाऊस नसला तरी टोपल्या ओल्या यायच्या, कारण पाण्यालाही वजन असतं. डोमेंटी तराजू धरायचा आणि आकाशाकडे बघायचा. वरच्या साहेबांच्या आकड्यांतही बरंच पाणी असायचं, त्यामुळे कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं.

लामाराने पानं सुकवली, तळहातांनी मळली, ओल्या फडक्याखाली ठेवली, चुलीच्या उबेला वाळवली. संध्याकाळी आधण चढलं आणि वास कुंपणापलीकडे गेला.

शेजारचा एरास्ती फाटकात आला. "कोणासाठी गं?"

"डोमेंटीसाठी."

एरास्तीने टोपी काढली.

थोड्याच वेळात कुणी कोंबडी आणली, कुणी मध, कुणी मक्याची भाकरी. वाईनचा घडा तर एरास्तीने स्वतःच उचलून आणला. आजाऱ्याला नाही, भेटायला येणाऱ्यांना.

व्हरांड्यात डोमेंटीने पहिला घोट घेतला. चहा कडू होता. तोंड आपोआप वाकडं झालं.

"हरलास, बाबा," गोचा हळूच म्हणाला.

"अरे, किती कळा येतायत बिचाऱ्याला," एरास्ती मोठ्याने म्हणाला. वाईनचा पेला उंचावून तो जुन्या टोळीबद्दल, गाण्यांबद्दल, चहाने भरून उत्तरेला जाणाऱ्या मालगाड्यांबद्दल बोलला. ओल्या टोपल्यांचा विषय निघाला तेव्हा बायका डोळे पुसता पुसता हसल्या. "आमचा मुकादम देवमाणूस. वजन करताना कधी खाली बघितलं नाही. डोमेंटी, मनात काही राहिलं असेल तर सांग बाबा."

डोमेंटीने उताराकडे पाहिलं. मग थोडा खोकला.

"काही नाही. तेवढी झुडपं माझ्या देखत उपटू नका."

सगळं अंगण गोचाकडे वळलं.

"मी कुठे उपटतोय," गोचा म्हणाला.

ट्रॅक्टर परत गेला. पण मरणाच्या दारातला माणूस एका रात्रीत खडखडीत बरा कसा होणार? तेव्हापासून डोमेंटीला रोज संध्याकाळी, रस्त्यावरून दिसेल अशा जागी बसून चहा प्यावा लागतो.

"हळू पी," लामारा पेला भरताना बजावते. "लोक बघतायत."

ती मग शेजारी बसते आणि उताराकडे बघत जुनं काहीतरी गुणगुणते. वरचा सूर आता लागत नाही. तेवढ्यापुरती ती थांबते आणि तो सूर डोमेंटी मनात लावतो. हल्ली दुपार कलली की तो चुलीकडे सारखा बघू लागतो. चहाची चव त्याला आवडायला लागली आहे.

तोंड मात्र आठवणीने वाकडं करतो.