आकडा मोठा, तरी मी हळू का?

मित्रांनो, मी एक म्हातारा लॅपटॉप आहे आणि मला एक कोडं अजून सुटलेलं नाही. माझ्या प्रोसेसरचा वेग २.६ गिगाहर्ट्झ. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी हा आकडा पाहूनच मला घरी आणलं. "घोडा आहे घोडा!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नऊ वर्षं मी त्यांची पानं उघडून दिली.

मग काकांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई दर मंगळवारी माझ्या पडद्यावर येऊ लागल्या. त्यांचं चित्र हलतं ठेवताना मला धाप लागे, पंखा घरघरे. एकदा काका मोठ्या कष्टाने "पाणी" म्हणाले आणि नेमका तेव्हाच मी गोठलो. बाईंना काही ऐकूच गेलं नाही. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. काकांनी मान फिरवली. पुढचे दोन मंगळवार ते माझ्यासमोर बसलेच नाहीत.

शेवटी काकूंनी मला पिशवीत घातलं, काकांना हाताला धरलं आणि दुकान गाठलं. तिथल्या मुलीने एक नवा लॅपटॉप मांडला. काकूंनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली.

"अगं, हा तर १.८! आमचा जुना २.६ आहे. नवा घेऊन वेग कमी करून घेऊ?"

मीही बुचकळ्यात पडलो. आकड्यात मी वरचढ, मग धाप मलाच का लागते?

"काकू, हा आकडा म्हणजे प्रोसेसरमधल्या कारागिराचा हात किती भरभर चालतो ते," मुलगी म्हणाली. "तुमच्या जुन्यात कारागीर दोन, यात आठ. शिवाय नवा कारागीर हाताच्या एका फेरीत जास्त काम उरकतो. गरज पडली की वेगही वाढवतो."

"मग चिठ्ठीवर कमी का लिहिता?"

मुलगी समजावत राहिली, काकू मान हलवत राहिल्या, पण गोंधळ काही हटेना. तेवढ्यात काकांनी टेबलावर बोट आपटलं. त्यांचे ओठ थरथरले. "ला... लाव..." मुलगी शब्द पुरा करायला गेली, तशी काकूंनी तिला हातानेच थांबवलं.

"लावून... बघ."

मुलीने नव्या लॅपटॉपवरून बाईंना लागलीच व्हिडिओ कॉल लावला. "काका, कसे आहात?" बाईंनी विचारलं.

"ब... बरा."

चित्र अडखळलं नाही. बाई टाळ्या वाजवू लागल्या, काकूंनी डोळे टिपले.

मित्रांनो, गिगाहर्ट्झचं गणित मला आजही उमगत नाही. पण नुसत्या आकड्याला भुलू नका, तुमचं रोजचं काम त्या यंत्रावर करून पाहा. आणि समोरचं माणूस शब्दाशी झगडत असेल, तर घाई करू नका. थांबा जरा.