कललेला सांतान

ते कललेलं अक्षर मी सांतानच्या टेम्पोसाठी काढलं होतं. आरोंद्याहून बांद्याच्या बाजारात मासळी आणणारा तो टेम्पो चढावर धापा टाकायचा. सांतानचं म्हणणं, निदान कपाळावरचं नाव तरी पळू दे. मी बोरूचा जाड-बारीकपणा काढून टाकला, सगळ्या रेघा एकाच दणकट जाडीच्या केल्या, शिरोरेघ आडवी ठेवली आणि खालच्या दांड्या उजवीकडे कलवल्या. 'सांतान'मध्ये पाच दांड्या. पाचही एकामागोमाग धावत सुटल्या.

पुढे तालुक्यातल्या क्रिकेट स्पर्धा, ऑर्केस्ट्रा, कोंबडी-वडे, सगळं माझ्या फ्लेक्सच्या दुकानातून याच अक्षरात पळत बाहेर पडलं. श्रद्धांजलीला मात्र मी ते कधी वापरलं नाही. मेलेल्या माणसाला घाई नसते, असा माझा व्यावसायिक अंदाज.

मार्चमध्ये सांतान गेला. छातीत कळ आली, तरी टेम्पो नीट बाजूला लावून गेला. महिन्याच्या मिसेआधी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेआधी, कबरीवर दगड बसवायचा होता. त्याची बायको एस्पेरांसा फादरना घेऊनच दुकानात आली.

"माका ताच अक्षर व्हया, झिला."

"कबरीवरचं अक्षर शांत हवं," फादर म्हणाले. "हे बघून वाटतं, सांतान कुठेतरी निघालाय."

"मगे निघालोच नाय काय तो?"

मी पाथरवटासाठी त्याच कललेल्या अक्षरात फाईल केली. जाड अक्षर दगडात कोरताना 'स'च्या आतली जागा बुजू नये म्हणून ती दोनदा मोकळी केली. इतकी काळजी मी कुठल्याच स्पर्धेची घेतली नव्हती.

मिसेच्या सकाळी पाथरवट गंगारामने काळा दगड ओल्या सिमेंटात बसवला आणि वरचं फडकं काढलं. नाव ताठ उभं होतं. शाळेच्या प्रार्थनेला उभं असल्यासारखं.

"फायलीत अक्षरां कलंडली हुती," गंगाराम अभिमानाने म्हणाला. "तुमचो कॉम्प्युटर बिघडलो आसतलो. मिया सगळी उभी करून घेतलंय."

त्याने दोन दिवस जास्त खपून चूक दुरुस्त केली होती. कोरलेलं आता पुसता येणार नव्हतं.

एस्पेरांसाने अक्षरांवरून बोटं फिरवली.

"हो कोण?" तिने विचारलं.

मग तिने चपला काढल्या, डाव्या बाजूने दगडाला खांदा लावला आणि रेटलं.

"गो बाय, पडतलो तो!" गंगाराम ओरडला.

"पडना नाय. तेका मी वळाखतंय."

दगड उजवीकडे कलला. तांत्रिकदृष्ट्या हे साफ चूक आहे. कलायच्या त्या दांड्या; इथे शिरोरेघसुद्धा उतरणीला लागली होती. हे तिला सांगायला मी पुढे झालो आणि दगडाच्या उचललेल्या डाव्या कडेखाली चिऱ्याचा तुकडा सरकवला. गंगारामने आमच्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि थापीने सिमेंट दाबायला बसला.

माणसं जमली. फादर पुस्तक घेऊन आले, दगडासमोर थांबले. मग त्यांनी मान थोडी उजवीकडे झुकवली आणि सांतानचं नाव मोठ्याने वाचलं.