नानांच्या शर्टाची बटणं

माझे सासरे, पद्माकरनाना, इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी नुसत्या बनियनवर आले नाहीत. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. सून समोर आहे ना! पुण्याहून आमच्याकडे विलायतेत, ईलिंगला राहायला आले तरी तोच नेम. मी इथल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीची डॉक्टर, दिवसभर माणसं तपासते, हे त्यांच्या लेखी बाहेरचं काम. घरात मी सून.

दोन हजार सहाचा जानेवारी. घरी विसरलेला माझा डबा द्यायला नाना दुपारी बसने हॉस्पिटलात आले. बाहेर गाड्यांवर बर्फ साचलेला आणि नानांचं कपाळ घामाने डबडबलेलं. डबा उजव्या हातात. नाना डावरे, चहाचा कपसुद्धा कधी उजव्या हाताने उचलत नाहीत.

विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय, एकादशीची खिचडी जरा जास्त झाली. आमसूल चघळतोय, वाटेल बरं. डावा हात? अवघडला असेल. छातीचं नाव काही घेईनात. घेतलं तर सुनेपुढे शर्ट काढावा लागेल, हे त्यांचं गणित माझ्या लक्षात आलं आणि असा संताप आला म्हणून सांगू!

त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं. नर्स मॉरीन ईसीजीचं मशीन घेऊन आली. तिने बटणाला हात लावला तशी नानांनी कॉलर मुठीत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण बाकीचे डॉक्टर एका अपघाताच्या पेशंटपाशी अडकलेले. मी गेले असते तर ईसीजी बघणार कोण?

“नाना, तुमची सून घरी गेली,” मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. “इथे फक्त डॉक्टर आहे. ती सांगतेय, मूठ सोडा.”

आजवर मी त्यांना उलट शब्द बोलले नव्हते. मूठ सुटली.

हार्ट अटॅकच होता. अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, अँजिओप्लास्टीच्या टीमला बोलावलं. त्यांना आत नेऊन दार बंद होईपर्यंत मी धड होते. मग नवऱ्याला, माधवला, फोन लावताना नंबर दोनदा चुकला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, रक्तवाहिनी मोकळी झाली, धोका टळला. माझा जीव भांड्यात पडला. तो डबा मी आणि माधवने तिथेच बाकावर बसून खाल्ला. गार पोळी-भाजी इतकी गोड कधी लागली नव्हती.

सकाळी नाना उशीला टेकून बसले होते. मला पाहताच गाऊन गळ्यापर्यंत ओढला. झालं, मी पुन्हा सून! तेवढ्यात वॉर्डची नर्स ईसीजी काढायला आली, म्हणून मी निमूट बाहेर निघाले.

“सूनबाई,” मागून नाना म्हणाले, “बाहेर कालच्या त्या डॉक्टरीणबाई दिसल्या तर पाठव आत. त्या असल्याशिवाय मी मूठ सोडायचा नाही.”

मी बाहेर गेले, डोळे पुसले आणि डॉक्टर होऊन आत आले.