पावट्याच्या मळ्यातली सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे आणि आधीच सांगून ठेवते, मला एका जागी बसवत नाही. माझा जन्मच गरागरा फिरण्यासाठी झाला. यंत्रात घातलं की मिनिटाला दोन-तीनशे फेरे सहज घेते. फिरायला मिळालं नाही की जिवाची घालमेल होते आणि मग मी बडबडत सुटते. तेव्हा सांगताना घाई केली तर रागावू नका.

मी एका सिनेमाच्या गाण्यांची सीडी. सिनेमा होता मुंबईतल्या जुन्या हॉटेलात गाणाऱ्या एका बाईचा. म्हणून त्यात गाणीही तशीच घेतली होती, अमेरिकेतली, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची, जॅझ म्हणतात ती. जगभरचे वादक ही गाणी पुन्हा पुन्हा वाजवतात. चाल ठरलेली असते, पण मधे एकेकाला मोकळं सोडतात. जा बाबा, हवं तिकडे भटकून ये, फक्त वेळेवर घरी परत. मला हे फार आवडतं. माझ्या पोटात अशी आठ गाणी आहेत. चौथ्या गाण्यात दीड मिनिट एकटा ट्रम्पेट भटकतो आणि बाकीचे हळू हळू वाजवत त्याची वाट बघतात.

सिनेमा आठवड्याभरात उतरला. माझ्या बहिणी दुकानांत धूळ खात पडल्या. मला मात्र त्या ट्रम्पेटवाल्यांनी स्वतः मागून घेतलं. माझ्या कव्हरवर गायिकेचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, गायिकेचे कपडे शिवणाऱ्याचंसुद्धा होतं. यांचं नव्हतं. त्यांचं नाव गंगाराम, देवरूखच्या जवळच्या एका वाडीतले.

आता खरी गोष्ट ऐका. आपण वाजवतो हे गंगारामांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. त्याला कारण होतं. त्यांचे वडील शिवा गावात ढोल वाजवत. हौस म्हणून नव्हे, त्यांच्या जातीवर ते काम लादलेलं होतं. कोणाचं लग्न असो की देवाची पालखी, बोलावणं आलं की जायचं, वाजवायचं आणि जेवायला मात्र मांडवाबाहेर उकिरड्याच्या बाजूला बसायचं. पुढे सगळ्या वाडीने बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हा शिवांनी अंगणात सगळ्यांसमोर ढोल फोडला आणि सांगून टाकलं, या घरातलं कोणी पुन्हा वाजवणार नाही. बरोबरच केलं त्यांनी. मला हात असते तर मीही फोडला असता.

पण गंगारामांच्या जिवाला ते कोण समजावणार? सतराव्या वर्षी ते मुंबईला गेले, एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागले. तिथल्या बँडमध्ये लुईस नावाचे गोव्याकडचे पियानोवाले होते. त्यांनी या पोराला दाराआड उभं राहून ऐकताना पाहिलं आणि एक दिवस त्याच्या हातात ट्रम्पेट दिला. तो पुढे चाळीस वर्षं सुटला नाही. घरी पत्रात लिहायचे, हॉटेलात कामाला आहे. खोटं नव्हतं म्हणा! बायको जाईबाई गावी शेत बघायची, मुलगी दीप्ती तिच्यापाशीच वाढली. गंगाराम वर्षातून दोनदा यायचे, मे महिन्यात आणि भातकापणीला. ओठावर गोल वळ असायचा. जाईबाईने विचारलं की म्हणायचे, गरम चहाने पोळलं. दर खेपेला चहाने पोळणारा माणूस कोणी पाहिलाय का? पण तिला ते पटायचं.

साठीला ते कायमचे गावी आले. ट्रम्पेट लुईसना देऊन टाकला आणि मला ट्रंकेत कपड्यांखाली घालून आणलं. घरात सीडीचं यंत्र होतं. त्यावर भीमगीतं लागायची, दीप्तीच्या लग्नाचं रेकॉर्डिंग लागायचं. मला ट्रंकेतून सगळं ऐकू यायचं आणि अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा जाईबाई बाजाराला गेली. गंगारामांनी मला बाहेर काढलं, लुंगीच्या टोकाने पुसलं, यंत्र उघडलं. मी फिरायच्या तयारीत! तेवढ्यात बेड्याची, म्हणजे अंगणाच्या फाटकाची, कडी वाजली. जाईबाई पिशवी विसरली होती. मी परत ट्रंकेत. त्यानंतर त्यांनी मला कधी काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि जातानाही याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

मग जाईबाईने घर आवरायला काढलं. भात कापून झालं की आमच्याकडे त्याच ओलीवर पावटा पेरतात, आणि पावटा तरारला की वानर आणि मोर हजर. त्यांना भिववायला लोक काठ्यांना दोरी बांधून जुन्या सीड्या टांगतात. वाऱ्याने त्या चकाकतात. जाईबाई चौथी शिकलेली. मराठी अक्षरांच्या सीड्या तिने कपाळाला लावून फडताळात ठेवल्या. इंग्रजी अक्षरांच्या म्हणजे दीप्तीच्या कॉलेजातल्या, काँप्युटरच्या असणार, असं तिने धरलं. अशा नऊ निघाल्या. नऊच्या नऊ दोरीला गेल्या आणि त्यांत मी.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला आनंद झाला. वारा आला की फिरायला मिळे. पण फिरतेय आणि गाणं नाही, हे कसलं फिरणं? वानर चार दिवस भ्याले. पाचव्या दिवशी एक वानरीण आली, तिने मला हातात धरलं, माझ्यात आपले दात बघितले आणि निवांत शेंगा खाल्ल्या. उन्हाने माझ्यावरचं चित्र खाल्लं, काठीने अंग घासलं. पुढे पाऊस आला तरी कोणी काढलं नाही. मी दिवसरात्र एकच विचार करायचे, की गंगारामांचं वाजवणं साऱ्या घरात फक्त माझ्यापाशी आहे आणि ते रोज थोडं थोडं पुसलं जातंय. ओरडावं तर तोंड नाही.

या थंडीत एका रविवारी दीप्ती देवरूखहून धावत आली. ती तिथे शाळेत शिकवते. तिला मुंबईहून लुईसचा फोन आला होता. गंगाराम गेल्याचं त्या म्हाताऱ्या माणसाला इतक्या उशिरा कळलं होतं. त्यांनी तिला सगळं सांगितलं, हॉटेल, ट्रम्पेट, मी आणि माझं चौथं गाणं. दीप्तीने ते आईला सांगितलं तेव्हा जाईबाई ओटीवर शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

मग म्हणाली, "चाळीस वर्सा मी वाट बगितली त्यांची. आनी मना येवडा पन सांगितलानी नाय?"

तिला रडू आलं, रागही आला. पण त्याहून मोठी एकच गोष्ट तिला हवी झाली, नवऱ्याचं वाजवणं एकदा कानांनी ऐकायचं. दीप्तीने ट्रंक उपसली. माझं कव्हर मिळालं, ते रिकामं. जाईबाईने कव्हर पाहिलं मात्र, ती तशीच अनवाणी मळ्याकडे पळाली. सत्तरी ओलांडलेली बाई, बांधावर दोनदा अडखळली. जल्ला मेला माझा हात, असं स्वतःलाच म्हणत तिने एकेक दोरी दातांनी तोडली.

नऊ सीड्या, सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले. घरातल्या यंत्राची वायर उंदराने केव्हाच खाल्लेली. शेवटी शेजारच्या हर्षदने आंब्याच्या पेट्या नेणारा आपला टेम्पो अंगणात आणला, कारण त्यात सीडीचा जुना सेट होता. जाईबाई पुढच्या सीटवर बसली. तिने आधी दोन्ही काचा वर करायला लावल्या. मामंजींचा शब्द होता ना! सासऱ्यांनी जिथे ढोल फोडला, त्याच अंगणात वाजप ऐकू जाऊ नये, असं तिला वाटत होतं.

एक सीडी घातली, खरखर. दुसरीत इंग्रजी शिकवणारी बाई. तिसरी, चौथी मुक्या. मी सातवी. सेटने मला आत घेतलं आणि बाहेर थुंकून दिलं. दीप्तीने मला धुतलं, पदराने मधून कडेकडे पुसलं, पुन्हा घातलं. फिर ग बाई, फिर, असं मी स्वतःला म्हटलं. पहिली तीन गाणी अडखळत, उड्या मारत गेली. जाईबाई डॅशबोर्ड घट्ट धरून बसली होती.

चौथं गाणं लागलं. सगळी वाद्यं हळू झाली. ट्रम्पेट सुरू होण्याआधी वाजवणाऱ्याने नाकाने एक श्वास घेतला, आखूड आणि खोल. तोही माझ्यात उतरलाय.

जाईबाईने दीप्तीचा हात धरला. "ह्ये तेच. भाऱ्याला हात घालायच्या आदी असाच श्वास घ्यायचे."

तिला ट्रम्पेट कधी माहीत नव्हता, पण तो श्वास तिने अंगणात, खळ्यात, बाजूच्या उशीवर ऐकला होता. मग दीड मिनिट गंगाराम भटकले. मी जीव तोडून फिरले, एकदाही अडखळले नाही. कधी ते हसवल्यासारखं वाजवत होते, कधी कोणाला तरी लांबून हाक मारल्यासारखं. मधेच जाईबाईने काचेचं हँडल धरलं आणि स्वतःच्या हाताने काच पूर्ण खाली केली. आवाज अंगणभर गेला, वाडीत गेला. लोक दारांत येऊन उभे राहिले.

"मामंजींनी लोकांच्या दारात वाजवायला मनाई केली होती," ती म्हणाली. "ह्ये आपलं दार हाय."

गाणं संपल्यावर तिने परत लावायला सांगितलं. मी परत निघाले, पण काठीने घासलेली जागा नेमकी आडवी आली. मी त्या श्वासावरच अडकले. श्वास, पुन्हा श्वास, पुन्हा तोच श्वास. पुढे जायची मी खूप धडपड केली, जमलं नाही. दीप्तीने सेट बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," जाईबाई म्हणाली, आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा वाजले नाही. मला जपून ठेवा, पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सीड्या काय, घासल्या जायच्याच. पण तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जे काही तरी जिवापाड करतं आणि घरी येऊन गप्प बसतं. त्यांच्याजवळ जाऊन बसा. आजच बसा, उद्यावर टाकू नका. आणि म्हणा, "वाजवा बघू, आम्ही ऐकतोय."