सांगलीला कोण जाणार?

मैत्रेयीनं सांगलीला शिकायला जायचं, हे ती सहावीत असल्यापासून माझ्या डोक्यात पक्कं होतं. तिला विचारायचं राहिलं एवढंच.

तुम्ही म्हणाल, काय ही बाई! पण लखनौतल्या आम्हा मराठी लोकांत तेव्हा असंच चालायचं. बारावी झाली की पोराला ‘तिकडे’ पाठवायचं. काका असो, आत्या असो, जे कुणी आपलं असेल त्याच्याकडे. मधुकर जोगळेकरांचा मुलगा नागपूरला गेला, एअरफोर्समधल्या यमुनाबाईंची लेक साताऱ्याला. माझे यजमान जगदीश औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. वीस वर्षं झाली होती इथं येऊन, विकास नगरात स्वतःचं घर झालं होतं, तरी मी आपली मुक्कामाला आल्यासारखीच राहत होते.

शहाण्णव साली मैत्रेयी बारावी झाली, मार्क चांगले पडले. सांगलीच्या माझ्याच कॉलेजात तिला बी.एस्सी.ला जागा मिळत होती. माझी थोरली बहीण पद्माताई तिथं विश्रामबागेत राहते, तिनं तर भाचीसाठी खोलीला रंगसुद्धा काढला. आणि इकडे आमच्या बाईसाहेबांनी बापाला तेवढं सांगून हिमालयाच्या पायथ्याच्या पंतनगरची, जनावरांच्या डॉक्टरकीची परीक्षा दिली होती. पासही झाली! दोन्हीकडे मूळ मार्कशीट जमा करायची होती आणि मूळ मार्कशीट एकच. बुधवारच्या आत काय ते ठरवायचं होतं.

“म्हशींच्या मागं हिंडणार तू?” मी विचारलं.

“हाँ,” ती म्हणाली. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर हिंदीत. “क्यों, दूध नहीं पीतीं आप?”

“अगं, तिथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही!”

“इलाज करूँगी तो पहचान हो जाएगी.”

उलट बोलण्यात पोरगी अगदी माझ्यावर गेली आहे, काय करणार!

जगदीश म्हणाले, “तिचं तिला ठरवू दे की.” हे त्यांचं नेहमीचं. मला फार राग येतो असल्या शांतपणाचा. शनिवारी दुपारी मीच एक शक्कल लढवली. म्हटलं, नुसतं सांगून हिला कळायचं नाही, डोळ्यांसमोर उभं करावं. ह्यांचा आलेखाचा कागद घेतला आणि पद्माताईच्या घरापासून कॉलेजपर्यंतचा नकाशा काढायला बसले.

“हे बघ, इथं भडंगवाला. कोपऱ्यावर सायकलवाला, हवा भरायला तिथंच थांब, तो चांगला माणूस आहे. मग चिंचेचं झाड, मैत्रिणींची वाट तिथं बघायची. आणि वर्गात खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बस, वारा छान येतो.” मी अशी रंगून गेले की माझा चहा गार झाला.

जगदीश मागून वाकून बघत होते. हळूच म्हणाले, “सुनेत्रा, मागच्या वर्षी मी गेलो होतो ना, तेव्हा ते झाड नव्हतं गं. रस्ता रुंद केलाय. सायकलवाल्याच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे.”

“तुम्हाला कुणी विचारलं?” मी खेकसले.

मैत्रेयी मात्र बराच वेळ कागद बघत राहिली. मला वाटलं, विरघळली! मग ती म्हणाली, “बहुत अच्छा है आई. पर इसमें सब आपका है. बैठने की जगह भी आपकी.” चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात, म्हणून जास्त लागलं. “सांगली तो आपको जाना है न?”

मी ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. रडलेही. कारण खरंच होतं ते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा लग्न ठरलं, लग्नानंतर परीक्षा देईन म्हणाले आणि ते वर्ष राहिलं ते राहिलंच. ते पुरं करायला मी लेकीला धाडत होते. तिची मार्कशीट आणि माझं राहिलेलं वर्ष! लाज वाटली मला माझीच.

रविवारी सकाळी मी म्हटलं, “चल, पद्माताईला फोन करून टाकू, तू येत नाहीस म्हणून.” घरी फोन लागायचा होता अजून. निशातगंजला भाजी आणायला जायचंच होतं, तिथल्या पीसीओत गेलो. वाटेत मी थापा जुळवत होते. ह्यांनी ऐकलं नाही म्हणू? की सांगलीचं पाणी हिला बाधतं म्हणू? ताईनं एवढा रंग काढलाय, तिला तोंड कसं दाखवायचं!

“झूठ क्यों?” मैत्रेयी म्हणाली. “फ़ैसला मेरा है. मावशी को मैं बताऊँगी.”

मी तिच्यामागून त्या एवढ्याशा काचेच्या खोक्यात घुसले. तिनं नंबर फिरवला. पलीकडे ताईनं फोन उचलला तशी मी सुरू झाले, “आधी नमस्कार कर. खोलीचं विचार. आईची फार इच्छा होती म्हणून सांग...”

तिनं रिसीव्हरवर हात ठेवला. “आई, बाहर जाइए.”

“काय?”

“प्लीज़.”

मी बाहेर आले आणि तिनं दार ओढून घेतलं. आतलं एक अक्षर ऐकू येईना. नुसती दिसत होती. बोलली. बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिली. ओढणीनं डोळे पुसले. पुन्हा बोलली. शेवटी थोडीशी हसली. काय म्हणाली असेल ताई? दोनदा दारावर टकटक करायला हात उचलला आणि मागं घेतला.

ती बाहेर आली तशी मी विचारलं, “काय म्हणाली? रागावली का? रडली?”

“वो मेरी और मावशी की बात है.”

माझी सख्खी बहीण! आणि मलाच सांगायचं नाही? असा संताप आला म्हणता! चांगलं सुनावणार होते. पण बघितलं तर पोरीचे डोळे अजून ओले होते, आणि ती स्वतःच फोनचे पैसे मोजून देत होती. जे काही ऐकून घ्यावं लागलं असेल ते तिनं एकटीनं ऐकलं होतं, आणि माझ्यामागं लपायला आली नव्हती. मी तोंड मिटलं. असं माझ्या हातून आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

पंतनगरची गाडी सोमवारी रात्री होती. जगदीश तिला पोचवायला गेले, मी स्टेशनवर डबा दिला, हात हलवला, रडले नाही. सगळ्यांना नवल वाटलं. त्यांना काय सांगणार? माझी मुलगी आदल्या दिवशी सकाळीच गेली होती, त्या दाराच्या आत, आणि मी बाहेर उभी राहून तिला जाताना पाहिलं होतं.