दांडा पलीकडे

बाईसाहेब म्हणजे गाय. हे नाव म्हाताऱ्याने ठेवलं होतं, कारण तिला नाकावर माशी बसलेली खपत नसे आणि धार काढायला जरा उशीर झाला की ती तोंड फिरवून उभी राही. म्हातारा जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. घरात आता एकटी म्हातारी, गोठ्यात बाईसाहेब. दोघींचं बरं चाललं होतं, तेवढ्यात बाईसाहेबांच्या कासेत बिघाड निघाला.

वरून काही दिसत नव्हतं. कास सुजलेली नाही, गरम नाही, दूध पांढरंशुभ्र. पण हे दुखणं आतल्या गाठीचं. ते कळतं एका बाजूला दांडा असलेल्या चार वाट्यांच्या ताटलीत. प्रत्येक सडाची धार आपापल्या वाटीत घ्यायची, ताटली बाहेर काढून तीत डॉक्टरने दिलेलं जांभळं पाणी घालायचं आणि दांडा धरून गोल गोल हलवायची. निरोगी दूध पाण्यासारखं फिरतं, आजारी सडाचं घट्ट होऊन वाटीला चिकटतं. म्हातारीच्या ताटलीत दांड्याजवळची, शेपटीकडची वाटी चिकटली. म्हणजे मागचं डावं सड. दांड्याजवळच्या वाट्या डाव्या सडांच्या, हे त्या घरात लग्नापासून ठरलेलं होतं. त्यात विचार कसला करायचा?

तिने त्या सडात औषध सोडलं, सगळं दूध मोरीत ओतलं, पुन्हा तपासलं. वाटी चिकटच. पुन्हा औषध, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरने हात टेकले.

"मावशी, हे काही सुधारायचं लक्षण नाही. दुसऱ्या सडांना लागायच्या आत गाय विकून मोकळ्या व्हा."

लेकीला तर निमित्तच हवं होतं. ती फोनवर म्हणाली, "आई, आता पुरे. रविवारी येते. आपण दोघी मिळून एकदा तपासू. बिघडलेलं निघालं, तर गाय विकायची आणि तू माझ्याकडे यायचं. कबूल?"

म्हातारी "कबूल" म्हणाली. नाही म्हणायला कारण होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. लेकीच्या घरचे सगळे सकाळी बाहेर पडत ते अंधार पडल्यावर परत येत. इथे निदान ती गोठ्यात शिरली की कुणीतरी मान वळवून बघायचं. एवढ्यासाठी गाय ठेवते म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. पण खरं कारण तेवढंच होतं.

रविवारी म्हातारी नेहमीसारखी गाईच्या उजवीकडे बसली. लेक कुणी न सांगता वळसा घालून पलीकडे गेली, बाप बसायचा तिथेच उकिडवी बसली आणि दांडा धरून ताटली कासेखाली सरकवली. कासेखालून म्हातारीला समोर दोन गुडघे दिसले. तिने खाली मान घालून धारा काढल्या.

ताटली दाराशी उजेडात नेली. जांभळं पाणी घातलं, लेकीने हलवली. मागची एक वाटी चिकटली, पण दांड्यापासून लांबची.

"संपलं," म्हातारी मटकन खाली बसली. "उजव्यालाही लागलं."

"अगं, पण डावं साफ आहे. बघ तरी." लेकीने ताटली तिच्या डोळ्यांसमोर धरली. "इतकं औषध घालून हटलं नाही, ते आज आपोआप बरं झालं?"

लेकीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, तू एकटी तपासतेस तेव्हा दांडा कुणीकडे असतो?"

"कुणीकडे म्हणजे? माझ्याकडे. पलीकडे कोण बसलंय धरायला?"

बोलून गेली आणि तिची तीच थबकली. दांडा पलीकडे असायचा, कारण पलीकडे नवरा असायचा. तो गेला, दांडा तिच्या हातात आला, उजवीकडे आला. डोक्यात मात्र नवरा अजून तिथेच दांडा धरून बसलेला. आजारी सड उजवं, आणि ही बाई मुकाट्याने चांगल्या सडात औषध सोडत होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्या गोठ्यात ही चूक झाली नसती.

लेक आधी खो खो हसली. मग आईच्या तोंडाकडे बघून तिच्याजवळ खाली बसली.

औषध उजव्या सडात गेलं. बरं होतं का बघू, म्हणून लेकीने विकायचं नाव काढलं नाही. निघताना म्हणाली, "दांड्याला काही खूण करून देऊ का?"

"नको. राहील लक्षात."

औषधाचा अंमल उतरल्यावर म्हातारीने पुन्हा धारा घेतल्या, जांभळं पाणी घातलं आणि ताटली हलवण्याआधी मोठ्याने म्हणाली, "दांडा माझ्याकडे." हे तिने आजवर तोंडाने म्हटलं नव्हतं. चारही वाट्यांतलं दूध पाण्यासारखं फिरलं.

गाय राहिली. हे सांगायला तिने सवयीने पलीकडे पाहिलं. तिथे नुसती भिंत होती. मग तिने बाईसाहेबांनाच सांगितलं. बाईसाहेबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.