पिवळ्या रेघेबाहेर

तीस वर्षांच्या संसारात मला 'अगं' सोडून दुसरी हाक मिळाली नाही. गाईला मात्र आल्या दिवशीच नाव मिळालं. लाडी.

आमचे मालक, धर्माजी, चाकणला कंपनीत आहेत. पहिली शिफ्ट सुटली की तडक गोठ्यात. मी चहा घेऊन दारात उभी, आणि हे तिच्या गळ्याखाली खाजवत विचारणार, "जेवलीस का गं?" मी जेवले का, ते विचारायचं कुणी?

गोठ्याची त्यांनी पार कंपनी करून टाकली होती. खराटा, फावडं, घमेलं, ज्याला त्याला आपला खिळा आणि खिळ्याखाली रंगाने त्याचं नाव. लाडीभोवती जमिनीवर पिवळी रेघ. "रेघेच्या आत घाण राहता कामा न्हाई. चावऱ्या माशा व्हत्यात, लाडीला तरास." खिडकीला जाळी हवी म्हणून माझ्या माहेरची मच्छरदाणी फाडली. सवतीपुढे काय बोलायचं?

दुपारची सफाई माझ्याकडे. मी तशी शब्दाची पक्की. रेघेच्या आत काडी ठेवली नाही. मुतात भिजलेला कडबा, शेणाने माखलेली वैरण, सगळं खराट्याने रेघेबाहेर कोपऱ्यात लोटायचं आणि वर पोतं टाकायचं. उकिरड्यापर्यंत घमेलं कोण वाहणार, आणि तेही लाडीसाठी?

असे तीन आठवडे गेले. मग लाडी सारखे पाय आपटायला लागली. माशा दिसायला घरातल्यासारख्याच, पण डसल्या की दाभण टोचल्यागत. मालक तिच्या पायांना कडुलिंबाचं तेल चोळत बसायचे. ते बघून मला वेगळ्याच माशा चावायच्या.

एका सकाळी लाडीने वैरण सोडली. अंग तापलेलं, कातडीवर सुपारीएवढ्या गाठी. जनावरांच्या डॉक्टर विजयश्रीबाई आल्या.

"लंपी आहे, गाठींचा रोग. शेजारी भैरूची गाय आजारी आहे ना? तिला चावलेली माशी हिला चावली असणार. लस टोचलेली आहे, म्हणून आशा आहे. पण माशा एवढ्या आल्या कुठून? इथेच कुठेतरी ओलं कुजतंय."

"मॅडम, रेघेच्या आत काडी न्हाई!" मालकांचा आवाज फुटला.

"माणसांना होतो का हो हा?" मी विचारलं.

"लंपी नाही होत. पण चावलेलं खाजवून जखम चिघळते. काका, तुमचा घोटा बघू."

घोटा सुजून टम्म झाला होता, पू धरलेला. आठवडाभर ते लंगडत असणार. मला दिसलं नव्हतं. मी लाडीवरून नजर काढली असती तर ना!

तसल्या पायाने ते गुडघ्यावर बसले आणि रेघेच्या आतली फरशी हाताने चाचपू लागले. माझ्याच्याने बघवेना. मी कोपऱ्यातलं पोतं ओढलं. खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"ह्ये कुणी केलं?"

"मी."

"का गं?"

"तिला नाव हाय म्हणून."

डॉक्टरीणबाई उगाच बॅगेत काहीतरी शोधू लागल्या. मालकांनी खिळ्यावरचं घमेलं काढलं आणि लंगडत घाण भरायला लागले.

महिनाभर मी लाडीच्या गाठी कडुलिंबाच्या पाण्याने धुतल्या. फुटलेली गाठ धुताना ती माझा हात चाटायची, मेली. पण आधी मालकांचा घोटा, मग लाडी. तो क्रम मी सोडला नाही. ती वाचली. दूध निम्म्यावर आलं, ते आलंच.

मग एका रविवारी मालकांनी रंगाचा डबा काढला. पिवळी रेघ कोपऱ्यासकट थेट उकिरड्यापर्यंत नेली. नंतर ब्रश घेऊन भिंतीशी बराच वेळ पाठमोरे उभे. ते गेल्यावर मी जाऊन बघितलं. 'घमेलं' पुसून खिळ्याखाली लिहिलं होतं: अनिता.

तीस वर्षांनी नाव मिळालं, आणि तेही शेणाच्या घमेल्याखाली. लाडीचं तर दारावर आहे, याहून मोठ्या अक्षरात.

रोज दोनदा उकिरड्यावर जाऊन आले की मी घमेलं तिथेच टांगते. जरा तिरकं टांगते. सरळ टांगलं की नाव झाकतं.